डावं चाक सात मिलिमीटर मागे

कव्हेंट्रीत घराच्या गॅरेजमध्ये मी लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून घरीच उभी करायची गाडी, बांधतोय. पुढची चाकं लावली तर डावं मडगार्डला घासायला लागलं. मला विशबोनच्या (चाक चौकटीला जोडणाऱ्या त्रिकोणी दांड्याच्या) बुशांवर, म्हणजे त्याच्या सांध्यातल्या नळीसारख्या अस्तरांवर, संशय आला. दोन रविवार त्यातच गेले.

मग चासी, म्हणजे गाडीची नळ्यांची चौकट, चार स्टँडवर ठेवून नीट लेव्हल केली. विशबोन-ब्रॅकेटच्या भोकांपासून ओळंबा सोडला, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि मागच्या अॅक्सलच्या खुणांपर्यंत टेप धरला. डावीकडे ७ मिमी कमी! चौकटीचे कर्ण मात्र अगदी सारखे, तेव्हा केवढा जीव भांड्यात पडला. नळ्या सरळ होत्या. डावीकडची खालची दोन ब्रॅकेटच मागे सरकून वेल्ड झाली होती.

ती ग्राइंडरने कापली. नव्या जोडीतून एकच सरळ सळई घातली, म्हणजे भोकं एका रेषेत राहतात. आधी वेल्डचे फक्त छोटे टाके मारले, पुन्हा मोजलं. चाकाचा मोठा भार इथे येतो, म्हणून पक्कं वेल्डिंग अनुभवी वेल्डरकडून करून घेतलं. त्यांनी थोडं इकडे, थोडं तिकडे असं केलं, कारण उष्णतेने लोखंड ओढलं जातं. आता फरक १ मिमी. पुढच्या शनिवारी स्टीअरिंग रॅक बसवतोय.