दगडूचं घर: आधी माती, मग दिवे, कासव सगळ्यात शेवटी

कासव आणलंय म्हणून आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, "पाणी कुठाय गं त्याचं?" तिचं काही चुकलं नाही. मराठीत पाण्यातलं ते कासव आणि जमिनीवरचं तेही कासवच. त्यात देवळातलं दगडी कासव सोडलं तर आमच्या घराला माहीत असलेलं कासव एकच, शोकेसमधलं पितळी, ताटलीभर पाण्यात बसवलेलं. आमचा दगडू खोल पाण्यात पडला तर बुडेल. तो हॉर्सफील्ड जातीचा, म्हणजे मूळचा कझाकस्तान-उझबेकिस्तानकडच्या कोरड्या माळांचा. राहतो मात्र इंग्लंडात, रेडिंगमधल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये.

याच जातीची दोन कासवं सप्टेंबर १९६८ मध्ये सोव्हिएत झोंड-५ यानातून चंद्राला वळसा घालून परत आली, तेव्हा माणूस अजून तिथवर पोचला नव्हता. यान हिंदी महासागरात उतरलं आणि मुंबईमार्गे मॉस्कोला गेलं. मुंबईचं नाव निघाल्यावर आईला दगडू एकदम घरचा वाटायला लागला.

भारतात असाल तर मात्र हा उद्योग करू नका. आपल्याकडचं पाठीवर चांदण्या असलेलं स्टार कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरात पाळता येत नाही, कोणी कितीही "काही होत नाही हो" म्हणालं तरी. इंग्लंडात हॉर्सफील्ड पाळायला परवाना लागत नाही. हरमन जातीचं घेणार असाल तर विकणाऱ्याकडून आर्टिकल १० चं प्रमाणपत्र, म्हणजे संरक्षित जातीचा प्राणी विकायची सरकारी परवानगी, मागून घ्या; ते नसेल तर तिथून निघा.

आता घर. मी केलेली पहिली चूक म्हणजे कासव आणि घर एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलं. दुकानदाराने काचेची पेटी, लाकडाच्या सालीची पिशवी आणि एक लाल दिवा गळ्यात मारला. दगडू चार दिवस काचेला नाक लावून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फेऱ्या घालत होता. पलीकडचं दिसतंय म्हणजे जाता येणार, एवढंच त्याला कळतं. शिवाय तसल्या बंद पेटीत सगळीकडे सारखंच गरम होतं, आणि कासवाला नेमकं तेच नको असतं. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. उन्हात जाऊन तापायचं, पुरे झालं की सावलीत सरकायचं, हाच त्याचा दिवस. म्हणून घराच्या एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा, आणि मधे चालायला जागा. चार फूट बाय दोन फूट ही लहान कासवासाठी सुरुवात समजा. मोठं मिळालं तर मोठंच घ्या.

आम्ही शेवटी पुस्तकांचं जुनं कपाट पाठीवर आडवं पाडलं. सव्वाचार फूट बाय अडीच फूट, फळ्या काढलेल्या. आत तळ्याला घालतात तो जाड रबरी कागद अंथरून कडांना स्टेपल केला, नाहीतर ओलाव्याने कपाटाची भुसा दाबून केलेली फळी फुगते. वरून उघडंच ठेवलं. भिंती कमी पडतील असं वाटलं म्हणून कडेने वीतभर उंचीच्या पट्ट्या ठोकल्या, आणि बरं झालं. हॉर्सफील्ड म्हणजे चढण्यात आणि खणण्यात पक्का वस्ताद. कोपऱ्यात दोन पाय टेकून उभा राहतो आणि वर बघतो. कोपऱ्यांवर आडवी फळी टाका.

माती हा खरा विषय आहे, आणि लोक तीच उरकून टाकतात. बागेच्या दुकानात टॉपसॉइल, म्हणजे जमिनीच्या वरच्या थराची साधी माती, मिळते. खत मिसळलेली नको, पांढरे दाणे असलेली कुंड्यांची माती तर नकोच. तिच्यात मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू. आमचं माप तीन बादल्या मातीला दोन बादल्या वाळू. न्हाणीघरातल्या टबात लेक आणि मी कोपरापर्यंत हात घालून कालवत बसलो. थोडं थोडं पाणी शिंपडायचं आणि मूठ आवळून बघायचं. बेसनाच्या लाडवासारखा मुटका वळला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. वळतच नसेल तर कोरडं आहे, बोटांतून पाणी आलं तर जास्त झालं, वाळू घाला. या मातीत बीळ कोसळत नाही.

पसरताना सपाट करू नका. ऊन असेल त्या टोकाला आठ सेंटीमीटर, गार टोकाला पंधरा ते अठरा. वरचा थर सुकू द्या, खालचा ओलसर राहिला पाहिजे. कासवाचं पिल्लू सतत कोरड्यात वाढलं तर पाठीवरचे खवले उंचवटे धरतात आणि ते नंतर बसत नाहीत. आठवड्यातून एकदा कोपऱ्यातून पाणी ओतून माती खालीवर करते, कुंडी उकरतो तशी. आणि हो, सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास भरतं. टेबलावर मांडायचा विचार असेल तर टेबलाला विचारा.

दिवे दोन, कामं वेगळी. एक उष्णतेचा, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, साखळीने वरून टांगलेला. झोत पसरणारा घ्या, म्हणजे अख्खी पाठ तापेल. बारीक झोताने एकच ठिपका भाजतो. खाली पाटीच्या दगडाची लादी ठेवा. लादीवरचं तापमान ३३ ते ३५ अंश हवं, गार टोकाला २० च्या आसपास. घड्याळासारखे चिकटवायचे थर्मामीटर शोभेचे आहेत. तापमान मोजायची बंदूक घ्या आणि कासव बसेल तिथे, लादीवर, मोजा. कमी-जास्त झालं तर साखळीची एक कडी वर-खाली. साखळी मात्र पक्क्या हुकात हवी. दिवा मातीत पडला तर आग लागायला वेळ लागत नाही.

दुसरा दिवा यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांच्या, नळीचा, टी-५ या बारीक नळीच्या प्रकारचा, मागे चकचकीत पत्रा असलेला. हा नसेल तर कासवाच्या अंगात डी जीवनसत्त्व बनत नाही, आणि ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही, कवच मऊ पडतं. मी सुरुवातीला शहाणपणा केला होता. पेटी दक्षिणेच्या खिडकीशी सरकवली, म्हटलं आयतं ऊन आहे, नळीला पैसे कशाला? प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की काचेतून उजेड आणि उष्णता येते, पण यूव्हीबी काचेतच अडतं. वर बंद काचपेटीत खिडकीचं ऊन म्हणजे भट्टी. तेव्हा नळी काच किंवा प्लॅस्टिकच्या आडून लावू नका. बारा टक्क्यांची आमची नळी त्याच्या पाठीपासून ३५-४० सेंटीमीटरवर आहे. तुमच्या नळीच्या खोक्यावर जे अंतर लिहिलंय ते पाळा. वर्षाने नळी बदला, ती पेटत असली तरी. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही आणि ते उजेडाच्या आधी संपतं. लावली त्या दिवशीची तारीख मी नळीच्या टोकावर पेनाने लिहून ठेवलीय.

दोन्ही दिवे टायमरवर, बारा तास. रात्री सगळं बंद. घर १५ अंशांच्या खाली जात नसेल तर रात्री काहीही लागत नाही, आणि तो लाल दिवा तर कधीच नाही.

बाकी सामान थोडं. मातीची कुंडी आडवी करून अर्धी पुरली की गार टोकाची खोली झाली. कुंडीखालची उथळ बशी पाण्यासाठी, कडेपर्यंत पुरलेली, म्हणजे तो चालत आत जातो आणि चालतच बाहेर येतो. ती रोज घासावी लागते, कारण तो पाण्यात बसूनच सगळे विधी उरकतो. पिल्लू असेल तर रोज पंधरा मिनिटं कोमट पाण्यात, हनुवटीच्या खालपर्यंत, बसवायचं. "एकटा आहे, जोडीदार आणा" असं सांगणारे भेटतील. आणू नका. दुसरा आला की एक जण लादी बळकावतो आणि दुसरा कुंडीत उपाशी बसतो.

खायला रानपाला. इथे गवतात पिवळ्या फुलांचं डँडेलियन उगवतं, आपल्या पाथरीच्याच कुळातलं, तसंच कडवट. ते, लांब उभ्या शिरांच्या पानांचं प्लँटेन (केळ्यातलं नव्हे, गवतात उगवणारं), आणि जास्वंदीची पानं-फुलं, ही त्याची मेजवानी. औषध मारलेल्या किंवा कुत्री फिरवतात त्या जागेवरचं खुडू नका. पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं. फळंही नकोत. आईच्या आग्रहाला बळी पडून मी एकदा केळ्याचा तुकडा दिला आणि दोन दिवस लादी धूत बसले. पाल्यावर कॅल्शियमची चिमूटभर भुकटी, रांगोळी टाकतो तशी.

हे सगळं मांडून झालं की रिकामं घर आठवडाभर चालवा. सकाळ, दुपार, रात्र तापमान एका कागदावर लिहा. आमचं गार टोक संध्याकाळी २७ वर जात होतं, कारण शेजारी रेडिएटर. कपाट हलवावं लागलं, सव्वाशे किलो माती उपसून. कासव आत असतं तर?

मग कासव आणा, गार टोकाला ठेवा आणि हात काढून घ्या. दगडूने नव्या घरात पहिल्याच तासात पुढच्या पायांच्या चार-चार नखांनी माती मागे फेकायला सुरुवात केली, डावा, उजवा, डावा, उजवा, मधेच थांबून मान लांब करून बघणं, पुन्हा डावा. अर्ध्या तासात फक्त पाठीचा गोल दिसत होता, मग तोही नाही. दोन दिवस तसाच. लेक रडकुंडीला आली, पण उकरू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यावर मातीचं ढेकूळ घेऊन तो लादीवर येऊन बसला. दर रविवारी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलते आणि आकडा फ्रिजवर लिहिते. वजन घटत गेलं किंवा नाक गळायला लागलं तर थेट सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे. पोळ्यांच्या पिठासाठी मी आता वेगळा काटा आणलाय.