स्कॉलरशिपचा फॉर्म आमच्या टेबलावर आला की काय होतं

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळते. खिडकीवर येणाऱ्या पोरांचा एकच प्रश्न असतो, "मॅडम, फॉर्म भरला, पैसे कधी येतीन?" तुम्ही त्या फॉर्ममध्ये पाहता काय, हे मात्र कोणी विचारत नाही. ते समजलं तर निम्मे फॉर्म परत पाठवायची वेळच येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, तुम्ही अर्ज सबमिट केला की तो आधी माझ्या क्लार्क लॉगिनला येतो. तुम्ही भरलेली माहिती आणि तुम्ही चढवलेले कागद, दोन्ही समोर असतात. तुमच्या घरी येऊन चूल पाहायची मला सोय नाही. हे सगळे कागद एकाच माणसाबद्दल, एकाच घराबद्दल बोलतात का, एवढंच मी पाहते. तिसरी गोष्ट माझ्या कपाटात असते: तुमची प्रवेशाची फाइल. तिची आठवण कोणाला राहत नाही.

तर मी ज्या क्रमाने पाहते, त्याच क्रमाने तुम्ही घरी कागद लावून बसा.

पहिलं नाव. दहावीची मार्कशीट हा माझा पाया. तिच्यावर मेश्रामच्या स्पेलिंगात 'एस एच' आणि आधारवर नुसता 'एस', असं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून मार्कशीट सोबत नेऊन अक्षर न् अक्षर तसंच लिहून घ्या. आडनाव आधी की नंतर, यावरून मी कोणाला अडवत नाही. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र जोडावं.

दुसरं उत्पन्न. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. दाखला तहसीलदारांचाच लागतो. तलाठ्याचा अहवाल किंवा वडिलांचा फॉर्म 16 हे तो दाखला काढायचे कागद आहेत, ते चढवून काम होत नाही. सेतूतून मिळालेल्या दाखल्यावर बारकोड असतो. त्याचा आकडा पोर्टलवर टाकला की नोंदीतली माहिती आपोआप येते. मग मी पाहते: दाखला कोणाच्या नावाचा, कोणत्या आर्थिक वर्षाचा, त्याची मुदत कोणत्या 31 मार्चला संपते आणि रक्कम किती. अनुसूचित जाती आणि जमातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची. अनुसूचित जातीच्या मुलाचं उत्पन्न त्याच्यावर गेलं तर फ्रीशिपचा अर्ज करायचा. त्यात फी मिळते, निर्वाह भत्ता मिळत नाही. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेची मर्यादा आठ लाखांची आहे, आणि तिचा लाभ एका कुटुंबातल्या दोनच मुलांना.

आता खरी गंमत. पोर्टल विचारतं, वडील हयात आहेत का, काय करतात, पगारदार आहेत का. आईबद्दलही तेच. सायबर कॅफेतला पोरगा सगळ्यांना 'शेती' आणि 'गृहिणी' टाकून मोकळा होतो. इकडे प्रवेशाच्या फॉर्मवर तुम्हीच आईसमोर 'शिक्षिका' लिहिलेलं असतं, आणि उत्पन्नाचा दाखला सत्तर हजारांचा! आता मी काय करू, सांगा. मी फॉर्म परत पाठवते. तुम्ही खोटं बोलता असं माझं म्हणणं नसतं, पण त्या अर्जाला माझ्या लॉगिनमधून मंजुरी जाणार असते. राज्यात शिष्यवृत्तीच्या घोटाळ्याच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक बसलं होतं, हे आमच्या पिढीचा कोणताच क्लार्क विसरला नाही. घरातल्या दोघांचंही उत्पन्न धरून दाखला काढा, आणि फॉर्मवर खरं ते लिहा. आठ लाखांच्या आत बहुतेक शिक्षकांची मुलंही बसत नाहीत, हे वाईट वाटतं मलाही. पण नियम तो आहे.

तिसरं शिक्षणातला खंड. बारावी 2022 ला आणि प्रवेश 2024 ला, तर मधली दोन वर्षं कुठे गेली? घरी बसून सीईटीची तयारी केली असेल तर तसं प्रतिज्ञापत्र द्या, विषय संपला. दुसरीकडे बीएस्सीला नाव घातलं होतं आणि ते लपवलं, तर टीसी बोलतेच. ती शेवटच्या कॉलेजची असते ना!

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांचा, आणि आमच्यासारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्रही हवं. ते जात पडताळणी समितीकडून येतं आणि त्याला वेळ लागतो. अकरावी-बारावीतच अर्ज टाका, जुलैत धावपळ करू नका. कॅप राउंडचं, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून जागा मिळाल्याचं, अलॉटमेंट लेटर जोडा. मॅनेजमेंट कोट्यातून आलेल्या पोरांनी राजर्षी शाहूचा फॉर्म भरून स्वतःचा वेळ घालवू नये. वसतिगृहात राहतो असं टिकमार्क केलं तर रेक्टरचा दाखला पाहिजे. काटोलहून रोज एसटीने येणारा मुलगा 'होस्टेलर' म्हणून आला की मी त्याचा बसचा पास आठवते. तो मीच सही करून दिलेला असतो.

कागद मोबाइलने सावलीत फोटो काढून चढवू नका. बारकोड वाचता आला नाही तर माझ्या लेखी तो दाखला नाहीच.

बर्डीच्या कॅफेत फॉर्म भरला तरी मोबाइल नंबर आणि पासवर्ड स्वतःचाच ठेवा. कॅफेवाला सोयीसाठी आपला नंबर टाकतो, आणि अर्ज परत गेल्याचा मेसेज त्याच्याच फोनवर पडून राहतो. परत आलेल्या अर्जावर मी शेरा लिहिलेला असतो. तो वाचा, तेवढंच दुरुस्त करा आणि पुन्हा सबमिट करा. बरेच जण दुरुस्ती करून सेव्ह करतात आणि थांबतात. तसा अर्ज माझ्याकडे येतच नाही.

माझ्यानंतर प्राचार्यांचं लॉगिन, आणि तिथून पुढे योजना ज्या विभागाची त्याचं कार्यालय. अनुसूचित जातीची फाइल समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे जाते, आदिवासी मुलांची प्रकल्प कार्यालयाकडे, राजर्षी शाहूची आमच्या बाबतीत तंत्रशिक्षण सहसंचालकांकडे. तिथेही हेच कागद पुन्हा पाहिले जातात. म्हणून "मॅडम, तुम्ही तर पास करा, वरचं वर पाहू" हे मला सांगू नका.

सगळं मंजूर झाल्यावर पैसे अडतात ते बँकेत. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि ते खातं एनपीसीआयच्या (बँकांमधले पैशांचे व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बँकेत सगळ्यात शेवटी आधार सीड झालं, म्हणजे त्या नोंदीत चढलं, तिथे शिष्यवृत्ती जाते. मधेच कुठे ऑफरमध्ये नवीन खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे गेलेले असतात आणि तुम्ही जुनं पासबुक घेऊन माझ्यापुढे उभे. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस पाहा. दोन मिनिटांचं काम आहे. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीतला केंद्राचा साठ टक्के हिस्सा थेट तुमच्या खात्यात येतो. त्यातली फीची रक्कम सात दिवसांत कॉलेजात भरायची असते. भरली की पावती घेऊन माझ्या टेबलावर या, मी रजिस्टरला नोंद करते.