फाशांतून चित्र, त्याच आकड्यांतून सूर

यवतमाळकडच्या आमच्या खेड्यांत भारनियमन चालू असतानाही सुरुवातीच्या काळातली संगणकीय कला हाताने करून पाहता येते. आलेख कागद, लुडोचे दोन फासे आणि भजनी मंडळाची पेटी एवढे साहित्य पुरते. अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाकडून सूर वाजवून घेतले आणि त्याच संस्थेत ए. मायकेल नोल यांनी १९६२ मध्ये संगणकावर चित्रे काढायला घेतली. यंत्राच्या लेखी दोन्ही कामे आकड्यांचीच होती, आणि हे नाते एकाच तक्त्यातून चित्र व चाल काढली की नीट उमगते.

वहीत १ ते ३० क्रमांक लिहून प्रत्येकासाठी दोन्ही फासे टाकावेत व बेरीज नोंदवावी. एकाच फाशावर भागवू नये, कारण त्याचे सहाही आकडे सारख्याच शक्यतेने पडतात. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी मात्र ६ जोड्यांची बेरीज ७ येते आणि २ किंवा १२ साठी एकेकच जोडी असते. मध्यभागी दाटी आणि कडेला विरळपणा, हीच नोल यांच्या ‘गाउसियन क्वाड्रॅटिक’ या चित्राची आडवी घडण आहे; उभे अंतर तेथे वर्गाच्या पटीने वाढते.

आलेख कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यापासून बेरजेच्या दहापट मिलिमीटर उजवीकडे जावे आणि क्रमांकाच्या वर्गाचे शेवटचे दोन अंक घेऊन तितके मिलिमीटर वर जाऊन बिंदू द्यावा. सहाव्या वेळी ९ पडले, तर बिंदू ९० उजवीकडे व ३६ वर येतो. बाराव्याचा वर्ग १४४ असल्यामुळे तो ४४ वर येतो. बिंदू क्रमाने पट्टीने जोडावेत.

आता तोच तक्ता पेटीवर ठेवावा. ७ म्हणजे मध्य सप्तकातील सा, ८ ते १२ म्हणजे रे ते ध, आणि ६ पासून २ पर्यंत मंद्रातील नी ते ग. बिंदू ५० मिलिमीटरच्या वर असेल तर सूर दोन मात्रा धरावा, नाहीतर एक. चाल सा कडे वारंवार परतताना ऐकू येते, आणि मला तर हा सर्वांत सुंदर भाग वाटतो, कारण हा षड्ज कोणी ठरवलेला नसून फाशांच्या जोड्यांनी दिलेला असतो. एखादा सूर कानाला खटकला म्हणून आकडा बदलू नये.

इलिनॉय विद्यापीठात हिलर आणि आयझॅक्सन यांनी १९५७ च्या ‘इलियाक सूट’ या संगणकाकडून करून घेतलेल्या संगीतरचनेसाठी यादृच्छिक, म्हणजे फाशांसारखे कसेही पडणारे, आकडे संगीताच्या नियमांवर पारखून न बसणारे टाकून दिले होते. तसाच एक नियम आपणही लावावा: आधीच्या बेरजेपासून तीनपेक्षा अधिक फरक पडला, तर फासे पुन्हा टाकावेत. या नव्या तक्त्यावरून दुसरा कागद भरला की लांब आडव्या रेघा नाहीशा होतात, आणि पेटीवर त्याच जागी मोठ्या उड्या थांबलेल्या ऐकू येतात.