कोळी अखेर स्थिर राहिला

कोळ्याची प्रजाती पक्की ओळखायची तर बहुतेक वेळा प्रौढ मादीच्या पोटाखालचं एपिजाइन, म्हणजे जननेंद्रियाचा बाहेरून दिसणारा कडक भाग, पाहावं लागतं. नुसत्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही. मेलेला कोळी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून, फोकस सरकवत मी ३०-४० फोटो काढायचो आणि सगळा भाग स्पष्ट दिसावा म्हणून संगणकावर एकत्र जोडायचो. पण टेबलाला जरा धक्का लागला की कोळी वळायचा, फोटोत कडा दुहेरी! कितीतरी संध्याकाळी यात गेल्या.

शेवटी वॉच ग्लासच्या (काचेच्या उथळ वाटीच्या) तळाला पारदर्शक हँड सॅनिटायझर जेल घातलं, कोळी उताणा त्यात रोवला, वरून हळूच अल्कोहोल सोडलं. बुडबुडे आधी सुईने काढायचे, नाहीतर नेमका एक एपिजाइनवरच चमकतो. दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर लावला, चकाकी गेली. ती इवलीशी नक्षी पहिल्यांदाच स्वच्छ दिसली, मी बघतच राहिलो.