किनारी बुशवॉक: गट तुटू न देता कसं चालायचं

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर बुशवॉकला, म्हणजे रानवाटांवरच्या पायपिटीला, गटाने जाताना दोन माणसं आधी ठरवा: पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे अनुभवी. फाटा आला की पुढच्याने थांबायचं, शेवटचा दिसला की मगच वळायचं. चुकामूक बहुधा इथेच होते, कारण मधली मंडळी गप्पांच्या नादात समोरच्या पाठीमागे चालत राहतात. विश्रांतीला थांबलात तर शेवटचा पोहोचताच निघू नका. दम खायची खरी गरज त्यालाच असते. निघताना डोकी मोजाच.

वेग ताशी ३ किमी धरा, वाळूत त्याहून कमी. सिडनीजवळचा बंडीना ते ऑटफर्ड कोस्ट ट्रॅक ही किनाऱ्यालगतची पायवाट सुमारे २६ किमी आहे. नवख्यांना एका दिवसात नेऊ नका. पाणी माणशी ३ लिटर. खडकांवरून जायचं असेल तर भरतीची वेळ आणि लाटांचा अंदाज पाहा. वणव्याचा इशारा असेल तर बेत रद्द करा.

साप चावला तर जखम धुऊ नका. रुंद इलॅस्टिक बँडेज अख्ख्या हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळा, आधाराला काठी बांधा, माणसाला चालवू नका आणि ००० या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन करा.

परतल्यावर केसांत, कानांमागे, काखेत गोचीड शोधा. सापडली तर बोटांनी पिळू नका, विष आत जातं.