जुन्या रिमोटने रास्पबेरी पाय चालवा: आयआर-कीटेबलची मांडणी

जुना डीव्हीडी प्लेअर भंगारात गेला तरी त्याचा रिमोट ठेवून द्या. एक स्वस्त इन्फ्रारेड (आयआर) रिसीव्हर जोडला की त्याच रिमोटवरून रास्पबेरी पाय (थोडक्यात पाय) हा छोटा संगणक चालतो. जुन्या लेखांत यासाठी एलआयआरसीडी (रिमोटचे सिग्नल ओळखणारा प्रोग्राम) आणि एलआयआरसी-आरपीआय (त्याचा पायसाठीचा ड्रायव्हर) बसवायला सांगितलेले असते. तो रस्ता धरू नका. कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ४.१९ पासून पायवर एलआयआरसी-आरपीआयची जागा जीपीआयओ-आयआर या ओव्हरलेने (कोणते हार्डवेअर जोडले आहे ते कर्नलला सांगणाऱ्या छोट्या फाइलने) घेतली आहे. सिग्नल ओळखण्याचे काम आता कर्नलच करतो आणि रिमोट त्याला कीबोर्डसारखा दिसतो. कोणते बटण म्हणजे कोणती कळ हे आयआर-कीटेबल या आज्ञेने ठरवायचे.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत टाइप करायच्या, आणि वेगळे सांगितले नसेल तिथे लहान अक्षरांत.

रिसीव्हर आणि जोडणी

दुकानात हमखास मिळतो तो टीएसओपी १७३८. तो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या आउटपुटवरही तितकाच दाब येतो. पायच्या जीपीआयओ पिना (बाहेरची उपकरणे जोडण्याच्या) ३.३ व्होल्टच्याच आहेत, त्यामुळे थेट जोडल्यास पिन जळू शकते. म्हणून टीएसओपी ३८२३८ मागा. तो २.५ ते ५.५ व्होल्टवर चालतो, म्हणजे ३.३ त्याला पुरतात.

दोन्ही रिसीव्हर दिसायला सारखे असले तरी त्यांच्या तीन पिनांचा क्रम वेगळा आहे. फुगीर बाजू आपल्याकडे धरली तर ३८२३८ मध्ये डावीकडून आउटपुट, ग्राउंड, पुरवठा असा क्रम येतो. १७३८ मध्ये ग्राउंड, पुरवठा, आउटपुट असा. इथे गफलत झाली तर रिसीव्हर काही सेकंदांत तापतो. तसे वाटताच वीज काढा.

रिसीव्हरचे आउटपुट रास्पबेरी पायच्या १२ क्रमांकाच्या पिनला (जीपीआयओ १८), ग्राउंड ६ ला, पुरवठा १ ला. पुरवठ्याच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरजवळ पुरवठा-ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅराडचा कपॅसिटर घातला तर खोटे सिग्नल बरेच कमी होतात.

कर्नलला सांगणे

बुकवर्म किंवा त्यानंतरच्या रास्पबेरी पाय ओएसवर /बूट/फर्मवेअर/कॉन्फिग.टीएक्सटी उघडा, त्याआधीच्या आवृत्तीत ही फाइल थेट /बूट मध्ये असते. शेवटी ही ओळ घाला:

डीटीओव्हरले=जीपीआयओ-आयआर,जीपीआयओ_पिन=१८

रीबूट करा, मग:

सुडो एपीटी इन्स्टॉल आयआर-कीटेबल
आयआर-कीटेबल

दुसऱ्या आज्ञेने आरसी०, आरसी१ अशी उपकरणे दिसतील. त्यातले जीपीआयओ_आयआर_आरइसीव्ही नावाचे आपले. ते आरसी० असेलच असे धरू नका, कारण एचडीएमआयची सीईसी सोयसुद्धा (टीव्हीच्या रिमोटने जोडलेले यंत्र चालवण्याची) याच यादीत येते आणि पाय ४ वर तिची दोन उपकरणे असतात. चुकीच्या क्रमांकावर तासन्‌तास बटणे दाबणे हीच इथली नेहमीची अडचण.

बटणांचे कोड वाचणे

आपले उपकरण आरसी२ आहे असे धरू:

सुडो आयआर-कीटेबल -एस आरसी२ -पी ऑल -टी

आता एकेक बटण दाबा. प्रत्येक दाबीला प्रोटोकॉलचे (रिमोटच्या संकेतपद्धतीचे) नाव, उदाहरणार्थ एनईसी, आणि स्कॅनकोड (त्या बटणाचा कोड) उमटतो. दोन्ही लिहून घ्या. कंट्रोल-सीने बाहेर या. अर्डुइनोच्या लेखांतून कोड उचलू नका. २१ बटणांच्या स्वस्त काळ्या रिमोटच्या पहिल्या बटणाचा कोड तिथे एफएफए२५डी असा दिसतो, कर्नल तोच ०एक्स४५ दाखवतो. बिट मोजण्याची दिशा उलटी आहे, शिवाय पडताळणीसाठी आलेले उलट बिट कर्नल गाळून टाकतो.

काहीच उमटले नाही तर रिमोटचा दिवा मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनवर जांभळट लुकलुक दिसते. ती दिसत असेल तर जोडणी तपासा.

नकाशा लिहिणे

कोणत्या कोडला कोणती कळ हे सांगणारा नकाशा म्हणून /ईटीसी/आरसी_कीमॅप्स/डीव्हीडी.टीओएमएल अशी फाइल बनवा (खालचे कोड आणि प्रोटोकॉल नमुन्याचे, तुम्ही लिहून घेतलेले घाला):

[[प्रोटोकॉल्स]]
नेम = "डीव्हीडी"
प्रोटोकॉल = "एनईसी"
[प्रोटोकॉल्स.स्कॅनकोड्स]
०एक्स४५ = "की_अप"
०एक्स४६ = "की_एंटर"

अवतरणातली बटणांची नावे मोठ्या अक्षरांत लिहायची. चाचणीत एनईसीएक्स दिसले असेल तर प्रोटोकॉलच्या खाली व्हेरिएंट = "एनईसीएक्स" ही ओळ वाढवा.

की_ओके वापरण्याचा मोह होतो, पण त्याचा क्रमांक ३५२ आहे आणि एक्स११ (खिडक्या आणि कळा सांभाळणारी जुनी प्रणाली) वरचा डेस्कटॉप २५५ च्या पुढचे क्रमांक पाहतच नाही. चाचणीत बटण चालते, पडद्यावर काहीच होत नाही. त्याऐवजी की_एंटर द्या. की_पॉवर दिल्यास अनेक ठिकाणी यंत्र थेट बंद होते. ते नको असेल तर /ईटीसी/सिस्टमडी/लॉगइनडी.कॉन्फ मध्ये हँडलपॉवरकी=इग्नोर लिहा (एच, पी आणि के मोठे).

नकाशा चढवा:

सुडो आयआर-कीटेबल -एस आरसी२ -सी -डब्ल्यू /ईटीसी/आरसी_कीमॅप्स/डीव्हीडी.टीओएमएल

-सी जुना नकाशा पुसते, -डब्ल्यू नवा लिहिते आणि फाइलमधला प्रोटोकॉलही चालू करते. बटण दाबून धरल्यावर आवाज फार झपाट्याने वाढत असेल तर -डी ६०० -पी २०० देऊन पाहा. इथे डी आणि पी मोठे, आकडे मिलिसेकंदांत. लहान पी दिला तर तो प्रोटोकॉल बदलू पाहील.

चढवलेला नकाशा रीबूटनंतर जातो. तो टिकवण्यासाठी /ईटीसी/आरसी_मॅप्स.सीएफजी मध्ये, तिथल्या बाकीच्या नोंदींच्या वर, ही ओळ घाला:

जीपीआयओ_आयआर_आरइसीव्ही * डीव्हीडी.टीओएमएल

इथे उपकरणाचा क्रमांक लागत नाही, म्हणून आरसी२ उद्या आरसी० झाला तरी बिघडत नाही.

एसीचा रिमोट नको

एसीचा रिमोट दर दाबीला तापमान, पंखा, मोड असे सगळे एकत्र लांब संदेशात पाठवतो. त्यामुळे एका बटणाला एकच कोड मिळत नाही आणि नकाशा लिहिता येत नाही. तसेच काही सेट-टॉप बॉक्सचे रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांचे सिग्नल या रिसीव्हरला दिसतच नाहीत.