लिंकन आणि सिनेटर ब्राउनिंग यांचा १८६१ चा पत्रव्यवहार: वाचताना आणि उद्धृत करताना या चुका टाळा

‘केंटकी गमावणे म्हणजे जवळजवळ सगळा डावच गमावणे’ हे अब्राहम लिंकन यांचे वाक्य अमेरिकी यादवी युद्धावरील अनेक पुस्तकांत आणि लेखांत भेटते. ते २२ सप्टेंबर १८६१ रोजी इलिनॉयचे सिनेटर ऑरव्हिल हिकमन ब्राउनिंग यांना लिहिलेल्या पत्रातील आहे. वाक्य अस्सल आहे, पण पत्रातून उचलून एकटे ठेवले की ते लिंकन यांच्याच म्हणण्याच्या विरुद्ध साक्ष देऊ लागते. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, तेव्हापासून मराठी वाचकाचे या विषयाशी नाते आहे. म्हणूनच या पत्रव्यवहारावर लिहिणाऱ्याने आणि बोलणाऱ्याने अधिक काटेकोर असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

प्रसंग थोडक्यात असा. एप्रिल १८६१ मध्ये संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांनी फोर्ट सम्टर या सरकारी किल्ल्यावर तोफा डागल्या आणि युद्ध पेटले. केंटकी, मिसुरी, मेरीलँड आणि डेलावेर या राज्यांत गुलामगिरी होती, तरी ती संघराज्यातून फुटलेली नव्हती. सेंट लुईस येथून पश्चिम विभागाचे नेतृत्व करणारे जनरल जॉन फ्रेमाँट यांनी ३० ऑगस्ट रोजी मिसुरीत लष्करी कायदा पुकारला. लष्कराच्या ताब्यातील प्रदेशात शस्त्रांसह सापडलेल्यांना लष्करी न्यायालयात दोषी ठरताच गोळ्या घालण्याचे आणि बंडखोरांची मालमत्ता जप्त करून त्यांचे गुलाम मुक्त करण्याचे त्यांनी जाहीर केले. लिंकन यांनी आधी खासगी पत्राने आणि मग जाहीर आदेशाने या जाहीरनाम्याला कायद्याच्या मर्यादेत आणले. ब्राउनिंग यांना ते पटले नाही व त्यांनी १७ सप्टेंबरला तसे कळवले.

फक्त अध्यक्षांचे पत्र वाचणे

पहिली आणि सर्वांत सामान्य चूक हीच आहे. लिंकन यांचे पत्र उत्तर आहे, आणि प्रश्न माहीत नसताना उत्तर वाचले तर त्यातील अर्धे मुद्दे हवेत लटकतात. फ्रेमाँट यांच्या कृतीला लिखित कायद्याचा थेट आधार नाही हे ब्राउनिंग यांनी आपल्या पत्रात मान्यच केले होते. त्यांचे म्हणणे असे होते की, युद्ध आधीच आखून ठेवलेल्या घटनात्मक आणि कायदेशीर तरतुदींप्रमाणे तंतोतंत कधीच लढले जात नाही, आणि जे राज्यघटनेवरच शस्त्र उगारतात त्यांना तिच्या संरक्षणाचा आसरा मागण्याचा हक्क कोणता? हा युक्तिवाद पोरकट नाही. तो समोर ठेवला की ‘सरकार वाचवण्याचा हा एकमेव मार्ग आहे असे तुम्ही म्हणता, उलट हीच सरकारची शरणागती आहे’ हे लिंकन यांचे वाक्य कोणत्या घावाला दिलेले उत्तर आहे ते कळते.

एकतर्फी वाचनाची ही सवय लागण्यामागे एक साधे कारणही आहे. लिंकन यांच्याकडे आलेली पत्रे त्यांचे पुत्र रॉबर्ट यांच्या अटीमुळे रॉबर्ट यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षे बंद राहिली आणि २६ जुलै १९४७ रोजीच लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. त्यामुळे जुन्या पुस्तकाच्या आधारे लिहीत असाल तर त्याचे प्रकाशनवर्ष आधी पाहावे. शिवाय, पत्रव्यवहार २२ सप्टेंबरला संपला असे समजू नये. ३० सप्टेंबरला ब्राउनिंग यांनी सविस्तर पत्र लिहून आपली बाजू पुन्हा मांडली.

सिनेटर आणि अध्यक्ष यांच्याकडे आपल्या चष्म्यातून पाहणे

आपल्याकडील राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. लिंकन स्वतः सरकारचे प्रमुख आणि सैन्याचे सरसेनापती होते. उलट सिनेटर हा त्यांच्या हाताखालचा माणूस नव्हता. त्या काळी सिनेटरची निवड राज्याचे विधिमंडळ करत असे. मतदारांनी थेट निवडण्याची पद्धत १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीने आली. ब्राउनिंग यांची तर निवडही झालेली नव्हती. स्टीफन डग्लस यांच्या मृत्यूने रिकामी झालेल्या जागेवर इलिनॉयच्या गव्हर्नरांनी जून १८६१ मध्ये त्यांची नेमणूक केली होती, आणि जानेवारी १८६३ मध्ये ती जागा डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली.

अध्यक्षांना त्यांचे मत विकत घेता येत नव्हते आणि दाबताही येत नव्हते, ते फक्त वळवता येत होते. त्यातच दोघांची इलिनॉयमधील वकिली आणि राजकारणातील मैत्री जुनी, दोघांचा जन्म केंटकीतला. फेब्रुवारी १८६१ मध्ये लिंकन यांनी आपल्या शपथविधीच्या भाषणाचा मसुदा ब्राउनिंग यांना वाचायला दिला होता, आणि बंडखोरांनी बळकावलेली सरकारी ठिकाणे परत घेण्याची धमकी वगळावी ही त्यांची सूचना स्वीकारलीही होती. पत्राच्या सुरुवातीला ‘तुमच्याकडून हे यावे याचे मला आश्चर्य वाटते’ असे जे येते, त्यात वरिष्ठाची दटावणी शोधू नये. भरवशाच्या माणसाने ऐन वेळी साथ सोडल्याचे दुःख त्यात आहे. पुढे ‘नव्या नव्या भूमिकांची ही अस्वस्थता सोडा आणि माझ्या पाठीशी खंबीर उभे राहा’ असे ते लिहितात, तेही याच नात्याच्या हक्काने.

तारखांचा क्रम न लावणे

ज्या कायद्याचे पालन मी केले तो महिन्याहून कमी काळापूर्वी तुम्ही स्वतः संमत करून माझ्यापुढे ठेवला होता, असे लिंकन लिहितात. हा जप्तीचा पहिला कायदा: बंडाच्या कामी वापरलेली मालमत्ता आणि गुलाम यांच्यावरील हक्क मालकाने गमावावा, एवढेच तो सांगत होता. त्यावर ६ ऑगस्टला सही झाली. पत्राच्या तारखेपर्यंत मोजले तर ४७ दिवस होतात आणि लिंकन यांचा हिशोब चुकला असे वाटते. पण कायद्याच्या पालनाची त्यांची पहिली कृती म्हणजे फ्रेमाँट यांना लिहिलेले २ सप्टेंबरचे खासगी पत्र. तिथपर्यंत २७ दिवसच भरतात, आणि विधान जुळते.

म्हणून लिहायला बसण्यापूर्वी पुढील तारखा कागदावर मांडाव्यात: ६ ऑगस्ट कायदा, ३० ऑगस्ट जाहीरनामा, २ सप्टेंबर खासगी सूचना, ८ सप्टेंबर फ्रेमाँट यांचा जाहीर आदेशाशिवाय बदल करण्यास नकार, ११ सप्टेंबर लिंकन यांचा जाहीर आदेश, १७ आणि २२ सप्टेंबर ही दोन पत्रे. ही मांडणी पुढच्या, सर्वांत मोठ्या चुकीपासूनही वाचवते.

केंटकीच्या वाक्यालाच संपूर्ण पत्र समजणे

पत्राचे दोन भाग आहेत आणि ती विभागणी लिंकन यांनी स्वतः केली आहे: आधी तत्त्व, मग धोरण. तत्त्वाच्या भागात ते शेताचे उदाहरण घेतात. एखाद्या सेनापतीला छावणीसाठी, कुरणासाठी किंवा तटबंदीसाठी कोणाचे शेत हवे असेल तर गरज असेपर्यंत ते ताब्यात घेण्याचा त्याला अधिकार आहे, कारण ती लष्करी गरज आहे. मात्र ते शेत यापुढे मालकाचे किंवा त्याच्या वारसांचे कधीच राहणार नाही असे सेनापतीने ठरवणे, तेही शेताची गरज नसताना, हा निव्वळ राजकीय निर्णय होय. गुलामांच्या बाबतीतही तेच: त्यांच्या कायमच्या स्थितीचा निर्णय कायदे करणाऱ्यांनी करावा, लष्करी जाहीरनाम्यांनी नव्हे. जाहीरनाम्याने असा निर्णय करण्याला ते स्पष्ट शब्दांत ‘हुकूमशाही’ म्हणतात. आणि लगेच पुढे जे लिहितात ते उद्धृत करणाऱ्यांकडून बहुधा सुटते: काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) अगदी असाच कायदा करणे अयोग्य ठरेल असे मी म्हणत नाही, मी काँग्रेसचा सदस्य असतो तर त्याला मत दिले नसते असेही म्हणत नाही, माझा आक्षेप अध्यक्षाने कायमस्वरूपी कायदे करण्याचा अधिकार बळकावण्याला आहे.

यानंतर धोरण येते, आणि तिथे केंटकी. जाहीरनामा बदलेपर्यंत केंटकीचे विधिमंडळ हलायला तयार नव्हते. फ्रेमाँट यांनी मुक्ततापत्रे खरोखरच दिल्याचे कळताच स्वयंसेवकांच्या एका संपूर्ण तुकडीने शस्त्रे टाकली, अशी तार केंटकीतील संघराज्याच्या फौजेचे प्रमुख जनरल अँडरसन यांनी केली होती. केंटकी गेले तर मिसुरी टिकत नाही, माझ्या मते मेरीलँडही नाही, आणि हे सारे विरोधात गेले तर काम आपल्या आवाक्याबाहेरचे होईल, असे लिंकन लिहितात. एवढेच उचलून ‘लिंकन यांनी एका राज्यासाठी गुलामांची मुक्ती रोखली’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने पत्र पुढे वाचलेलेच नसते. केंटकीमुळे मी हा मार्ग धरला असे समजू नका, केंटकीहून काही कळण्यापूर्वीच मी जनरलना खासगी पत्रात हीच भूमिका कळवली होती, असे त्यांनी त्याच पत्रात बजावले आहे.

अर्थात, लिंकन म्हणतात म्हणून तेच अंतिम असे मानणे ही याच्या उलटची चूक आहे. २ सप्टेंबरच्या खासगी पत्रातही, या जाहीरनाम्याने दक्षिणेतील संघनिष्ठ मित्र बिथरतील आणि केंटकीतील आपली आशा कदाचित धुळीस मिळेल, ही भीती त्यांनी लिहिलीच होती. केंटकीहून बातमी आलेली नसेल, पण केंटकी त्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून होते. त्याचप्रमाणे केंटकीचे विधिमंडळ केवळ आदेशामुळे हलले असेही म्हणता येत नाही. ३ आणि ४ सप्टेंबरला दक्षिणेच्या फौजांनी हिकमन आणि कोलंबस ही गावे व्यापून केंटकीची तटस्थता मोडली होती, आणि ते कारण स्वतंत्रपणे पुरेसे जड होते. पत्र ही एका पक्षाची मांडणी असते. घटनांशी ताडून पाहिल्याशिवाय तिला पुरावा म्हणू नये.

आणखी एक गोष्ट या चर्चेत फार सहज निसटते. अँडरसन यांच्या तारेत ज्या मुक्ततापत्रांचा उल्लेख आहे, ती हायरम रीड आणि फ्रँक लुईस या दोन माणसांची होती. शेत आणि कुरण यांच्या उदाहरणाने चाललेला हा वाद माणसांविषयी होता, आणि १८६० च्या जनगणनेनुसार एकट्या केंटकीत अशी २,२५,४८३ माणसे गुलामीत होती. लिंकन यांचा घटनात्मक युक्तिवाद मला भक्कम वाटतो. तरीही त्याची किंमत कोणी मोजली हे न लिहिता तो मांडणे मला अपुरे वाटते.

१८६१ चे मत लिंकन यांचे कायमचे मत मानणे

या पत्रानंतर बरोबर एका वर्षाने, २२ सप्टेंबर १८६२ रोजी, लिंकन यांनी गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला आणि १ जानेवारी १८६३ रोजी तो अमलात आणला. मग अध्यक्षाने जाहीरनाम्याने मालमत्तेचे नियम करू नयेत या तत्त्वाचे काय झाले, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला बगल देऊ नये. मधल्या काळात, मे १८६२ मध्ये, जनरल हंटर यांचा तसाच आदेश रद्द करताना त्यांनी हा अधिकार सरसेनापती म्हणून स्वतःकडे राखून ठेवत असल्याचे म्हटले होते. म्हणजे दार तेव्हाच किलकिले झाले होते. १८६३ चा जाहीरनामा त्यांनी लष्करी गरज म्हणून काढला, आणि केंटकीसारखी संघराज्यात राहिलेली राज्ये त्यातून वगळली. केंटकीतली गुलामगिरी डिसेंबर १८६५ मध्ये तेरावी घटनादुरुस्ती संमत झाल्यावरच संपली, म्हणजे कायमचा निर्णय अखेर घटनेच्या मार्गानेच झाला.

तरीही सगळे जुळते असे दाखवण्याचा अट्टहास नको. ४ एप्रिल १८६४ रोजी केंटकीचे संपादक अल्बर्ट हॉजेस यांना लिहिताना लिंकन म्हणतात की, तेव्हा ती अपरिहार्य गरज आहे असे मला वाटत नव्हते, म्हणून मी फ्रेमाँट यांना मनाई केली. १८६१ मध्ये जो प्रश्न अधिकाराचा होता तो इथे वेळेचा आणि गरजेचा झाला आहे. त्याच पत्रात, मी घटनांवर नियंत्रण ठेवले असा माझा दावा नाही, घटनांनीच माझ्यावर नियंत्रण ठेवले, अशी कबुलीही आहे. ब्राउनिंगही बदलले, आणि नेमके उलट दिशेला: जुलै १८६२ मध्ये, बंडखोरांच्या गुलामांना मुक्त करणाऱ्या जप्तीच्या दुसऱ्या कायद्याला अध्यक्षांनी नकाराधिकार वापरावा म्हणून तेच आग्रह धरत होते. दोघांपैकी कोणाच्याही नावापुढे एकच लेबल चिकटवले की ही सारी हालचाल दिसेनाशी होते.

खासगी पत्र जाहीर निवेदनासारखे वाचणे

पत्रावर ‘खासगी आणि गोपनीय’ असा शेरा आहे. ११ सप्टेंबरचा आदेश जगाने वाचावा म्हणून होता; २२ सप्टेंबरचे पत्र एका माणसाने वाचावे म्हणून. लोकांना गोळ्या घालण्याचे कलम आपण जाहीरपणे का रोखले नाही, हे लिंकन इथे सांगतात: आपण त्यांची जितकी माणसे मारू तितकी आपली माणसे ते मारतील, आणि हा विषय शत्रूच्या कानावर पडेल असा बोलायचा नव्हता. २२ ऑगस्ट १८६२ चे ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेले पत्र मात्र वृत्तपत्रात छापण्यासाठीच होते. ही दोन पत्रे एकाच तराजूत तोलू नयेत.

ऐकीव वाक्ये लिंकन यांच्या तोंडी घालणे

‘देव माझ्या बाजूने असावा अशी आशा आहे, पण केंटकी तर हवेच’ हे वाक्य या पत्रात नाही. मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून आपल्या शाळांच्या भिंतींवर लागलेले पत्रही लिंकन यांच्या १९५३ च्या संकलित लेखनात नाही. उद्धृत करण्यापूर्वी तिथे पडताळून पाहावे. हे संकलन संगणकावर विनामूल्य वाचता येते.

शेवटची ओळ गाळणे

तत्त्व आणि धोरण मांडून झाल्यावर लिंकन जाता जाता लिहितात: तुम्ही हर्लबट यांना लिहून राजीनामा द्यायला लावता का पाहा. हर्लबट म्हणजे इलिनॉयचेच ब्रिगेडियर जनरल स्टीफन हर्लबट. उद्धृत करताना ही ओळ अनेकदा किरकोळ म्हणून वगळली जाते. पण अध्यक्ष आणि सिनेटर यांच्यातील युद्धकालीन पत्रव्यवहार प्रत्यक्षात कशावर चालत असे ते तिच्यातच दिसते: राज्यघटनेच्या अर्थावर वाद घालतानाच, त्याच कागदावर, आपल्या राज्यातील एका सेनापतीला हळूच बाजूला करण्याची विनंती. हर्लबट यांनी राजीनामा दिला नाही, आणि एप्रिल १८६२ मध्ये शायलोच्या लढाईत ते एका डिव्हिजनचे नेतृत्व करत होते.